मागच्या खोलीतली ओल

वैभवी राजवाडे आली तेव्हा डॉक्टर मोहन देवस्थळी आश्लेषाच्या ऑफिसात बसून फुकट मिळालेलं वर्तमानपत्र वाचत होते. खरं म्हणजे ते केव्हाच वाचून झालं होतं. पण घरी जायचं म्हणजे दार उघडायचं, दिवे लावायचे आणि मग संध्याकाळचं काय करायचं ते ठरवायचं. म्हणून ते तेच पान पुन्हा वाचत होते.

डॉक्टर रिटायर्ड भूलतज्ज्ञ. उभा जन्म इंग्लंडच्या हॉस्पिटलांत लोकांना झोपवण्यात गेला, आणि आश्लेषा टिपणीसचं म्हणणं असं, की त्यातली थोडी झोप त्यांच्याच अंगात उरली. ती आधी विमा कंपनीसाठी खोटे क्लेम हुडकायची. आता हॅरो स्टेशनजवळ दोन खोल्यांत स्वतःची चौकशी एजन्सी चालवते. बायको, मंदाकाकू, गेल्यापासून डॉक्टर रोज इथे येऊन बसतात. तिने कधी बोलावलं नाही, आणि कधी जा म्हणूनही सांगितलं नाही.

वैभवी कोट न काढताच बसली. तिची हकिगत अशी. तिने आणि नवऱ्याने, प्रणवने, हॅरोत नवा फ्लॅट घेतला तो सरकारी इक्विटी लोनवर. म्हणजे किमतीतला एक मोठा वाटा सरकारने घातला. हे लोन फेडताना घेतलेले तेवढेच पैसे परत करून भागत नाही. घराची आज जी किंमत असेल, तिच्यातला तेवढाच वाटा द्यावा लागतो. आणि आजची किंमत मालकाने सांगून चालत नाही. कुणाच्याच नात्यागोत्यातला नसलेला चार्टर्ड सर्व्हेअर येतो, घर आतून बघतो आणि रिपोर्टवर सही करतो. त्या सहीचं आयुष्यही तीन महिन्यांचं.

दरम्यान वैभवीचा घटस्फोट झाला. फ्लॅट विकायचं ठरलं. पहिली सही विक्री रेंगाळल्यामुळे शिळी झाली. आता केंब्रिजला तिला चांगली नोकरी मिळाली होती, गिऱ्हाईक तयार होतं, आणि काल, गुरुवारी, दुसरा सर्व्हेअर घर बघायला आला.

“मागच्या खोलीच्या सीलिंगवर ही एवढी ओल,” वैभवीने दोन्ही हात फाकवले. “मंगळवारी संध्याकाळी मी त्याच खोलीत बसले होते. सीलिंग पांढरंशुभ्र होतं.”

वरच्या मजल्यावर रवी नावाचा पुण्याचा मुलगा राहतो. त्याच्या जमिनीचा कोपरान् कोपरा बिल्डिंगवाल्यांनी तपासला. ठणठणीत कोरडी. सर्व्हेअरने आपलं यंत्र सीलिंगला लावलं, तर ओल फक्त रंगावर. आत टिपूस नाही. म्हणजे डाग वरून उतरला नव्हता, तो कुणीतरी खालून काढला होता.

“आणि किंमत कमी आली की सरकारला कमी द्यावं लागतं,” आश्लेषा म्हणाली. “मग त्याने तुझ्याकडे बघितलं असेल.”

“अगदी पोलाइटली बघितलं. सोमवारपर्यंत खुलासा द्या म्हणाला. नाही दिला तर तो तसं रिपोर्टमध्ये लिहिणार. मग लोनवाले मला लबाड ठरवणार, गिऱ्हाईक पळणार, आणि इथले हप्ते भरत केंब्रिजला भाडं द्यायची माझी ऐपत नाही. ताई, मला ह्या घरातून निघायचंय. बास.”

शेवटचं वाक्य ती इतकी थकून म्हणाली, की डॉक्टरांनी पेपर खाली ठेवला.

फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. आत शिरताच डॉक्टर कशाला तरी अडखळले. पॅसेजमध्ये भिंतीला लागून पेटी ठेवली होती, वाजवायची पेटी. वैभवी ओशाळली. एरवी पेटी मागच्या खोलीत असते, म्हणाली. सर्व्हेअर येणार म्हणून आवराआवर केली, त्यात आपणच बाहेर काढली असणार. डोकं ठिकाणावर नाही हल्ली.

मागची खोली लहानशी. एक पलंग, एक खुर्ची, फिक्या रंगाचं कार्पेट. वर, बरोबर मध्यावर, तो डाग. कडा गडद तपकिरी, मधे पिवळट, एकात एक उतरलेली वर्तुळं. पावसाळ्यात गळणाऱ्या घरांत जन्म काढलेल्या माणसालाही खरा वाटावा असा. आश्लेषाने गुडघ्यावर बसून कार्पेटवरून हात फिरवला. कुठे एक थेंब नव्हता.

मग तिने घडीची शिडी मागवली आणि डॉक्टरांना वर चढवलं. ती स्वतः उंच, पण सर्दीने नाक बंद.

“वास घ्या काका. काय येतं?”

डॉक्टरांनी नाक सीलिंगला नेलं, आणि तिथेच थबकले. पाडव्याची सकाळ, मंदा ओट्याशी श्रीखंड घोटत उभी आहे, आणि जेवायला कोण कोण येणार ते त्यांना विचारते आहे. असं काही नव्हतं तिथे. एका परक्या घराचं सीलिंग होतं. ह्या वयात माणूस कुठेही हळवा होतो, असं स्वतःला बजावून ते खाली उतरले आणि विशेष काही नाही म्हणाले.

“काहीच नाही?”

“अगं, मंदाची आठवण आली. तो काय पुरावा आहे?”

आश्लेषाने त्यांच्याकडे क्षणभर बघितलं. मग ती स्वतः शिडीवर चढली, डागात चिकटलेला नखाएवढा सुका काडीकचरा चिमट्याने काढला आणि टिश्यूत गुंडाळला.

घरी कोण येतं-जातं, असं तिने विचारलं तेव्हा वैभवी हसली. कोण येणार? सोमवारी एजंटबरोबर कुश नावाचं गिऱ्हाईक येऊन गेलं. मंगळवारी बाबा येतात, म्हणजे तिचे पूर्वीचे सासरे, चहा पिऊन जातात. झालं. किल्ल्या तीन. एक तिच्याकडे, एक समोरच्या सुप्रभामावशींकडे, आणि एक प्रणवने अजून परत केली नव्हती. सर्व्हेअर गुरुवारी यायचाय हे या सगळ्यांना ठाऊक होतं.

सुप्रभा सोमण समोरच्याच दारात उभ्या होत्या, जणू कुणी बेल वाजवायची वाट बघत. पूर्वी वॉर्ड सिस्टर होत्या, मुलगा ऑस्ट्रेलियात. डॉक्टर म्हटल्यावर त्यांनी आधी हॉस्पिटलांची नावं विचारून घेतली, मग चहा ठेवला. ठेवला म्हणजे काय, तीन मग, तीन टी-बॅग आणि वरून उकळतं पाणी. एकटीसाठी आधण कोण ठेवतं, असं त्या आपणहून म्हणाल्या. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर होता. तो डॉक्टरांनाच काढायला लावला.

वैभवी गेली की ह्या मजल्यावर मराठी बोलायला भिंत तेवढी उरेल, हे त्यांनी लपवलं नाही. पण डागाबद्दल कानावर हात ठेवले. बुधवारी दुपारी मात्र त्यांना वैभवीच्या घरातून पेटीचे दोन-चार सूर ऐकू आले होते. आज लवकर आली वाटतं, असं त्यांच्या मनात आलं, मग विसरून गेल्या.

“बुधवारी वैभवी ऑफिसात होती,” डॉक्टर लिफ्टमध्ये म्हणाले. “बाईंचा वार चुकतोय. किंवा बाई गोष्टी रचताहेत. किल्ली आहे, एकटेपण आहे, आणखी काय हवं?”

“डबा तुम्हाला का काढायला लावला त्यांनी?”

“उजवा हात खांद्याच्या वर जात नाही त्यांचा. फ्रोझन शोल्डर. आत शिरल्याशिरल्या दिसलं मला.”

“काका, तुम्ही हुशार आहात,” आश्लेषा म्हणाली. “फक्त ते तुम्हाला उशिरा कळतं.”

कुश त्यांना स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात भेटला. तरतरीत पोरगा, जन्म इथलाच, गुजराती घरातला. किंमत उतरली तर आनंदच आहे, हे त्याने तोंडावर कबूल केलं. पण भाड्याचं घर सोडायची नोटीस देऊन बसलाय, त्यामुळे उशीर झाला तर तोच रस्त्यावर येणार. फ्लॅटमध्ये तो एकदाच गेला होता आणि एजंट सावलीसारखा मागे होता. आश्लेषाने नंतर एजंटला फोन करून ते पडताळून घेतलं.

शनिवारी दोघं ईलिंगला प्रणवच्या घरी गेली. प्रणव फोनवर बोलतच दार उघडायला आला. घरात गरम होतं, नीटनेटकं होतं, आणि कुणी राहतंय असं वाटत नव्हतं. प्रणवचा सगळा भर घाईवर होता. फ्लॅट विकला की त्याला त्याचा वाटा मिळणार, आणि त्याला नव्या जोडीदारणीबरोबर घर घ्यायचं होतं. शनिवार-रविवार सोडले तर तो तिच्याकडेच असतो, हेही बोलण्यात आलं. हा डाग म्हणजे त्याच्याच मार्गात मारलेली पाचर आहे, असं तो चिडून म्हणाला.

“किल्ली?”

“ती काय, दाराशी लटकतेय. वर्षभरात हात लावलेला नाही. तिथे जाऊन ती पेटी ऐकायची का परत?”

तेवढ्यात त्याचे वडील चहा घेऊन आले. कमलाकर राजवाडे. बारीक अंगाचे, हाफ स्वेटर, कपबशी पाहुण्यापुढे ठेवताना हलकेच वाकणारे. डॉक्टरांनी घोट घेतला आणि कितीतरी दिवसांनी त्यांना चहा प्यायल्यासारखं वाटलं. दुधात उकळलेला, वेलचीच्या मंद वासाचा. त्यांनी मनापासून तारीफ केली, पूड घालता का म्हणून विचारलं.

“पूड कुठली! दाणे गोडात जातात, सालं चहाच्या डब्यात टाकून ठेवायची. आमच्या हिची पद्धत,” कमलाकर म्हणाले.

“आमचीही तेच करायची,” डॉक्टर म्हणाले, आणि कप पुढे करून आणखी थोडा मागून घेतला.

आश्लेषाने प्रणवला आणखी थोडी साखर मागितली. तो स्वयंपाकघरात गेला, दोन-तीन कपाटं उघडली, मिटली, आणि बाबांना हाक मारली. ते सगळं खातं बाबांचं, मला काय कुठे आहे ठाऊक नाही, म्हणाला. भिंतीवर मराठी मंडळाच्या जुन्या नाटकाचा फोटो होता. पाठीमागे पडकी, ओघळ आलेली भिंत. पडदा कुणी रंगवला, असं आश्लेषाने विचारलं तेव्हा कमलाकर संकोचून हसले. गणपतीतल्या नाटकांचे सेट आपणच करायचो, म्हणाले. आता मंडळात नवी मुलं आहेत, प्रोजेक्टर लावतात.

परतताना डॉक्टरांनी जाहीर केलं की प्रणव निर्दोष आणि सुप्रभाबाई गुन्हेगार. खांद्याचं नाटक असू शकतं. आश्लेषाने ते कानाआड केलं. मग म्हणाली, “उद्या सगळ्यांना वैभवीकडे बोलावू. मला ह्या केसचा कंटाळा आलाय, काका. शोधून काढल्यावर कुणालाच बरं वाटणार नाहीये.”

रविवारी दुपारी वैभवीच्या हॉलमध्ये सगळे जमले. सुप्रभामावशी चांगली साडी नेसून आल्या होत्या. प्रणव उभाच राहिला. कमलाकर दाराजवळच्या खुर्चीवर, टोपी मांडीवर ठेवून.

“कुशला ह्यात मी धरत नाही,” आश्लेषाने सुरुवात केली. “तो घरात एकटा कधी नव्हताच. आता त्या खोलीकडे बघा. ज्याने हा उद्योग केला त्याने कार्पेटवर थेंब पडू दिला नाही. काहीतरी अंथरलं आणि जाताना उचलून नेलं. त्याआधी पेटी बाहेर ठेवली. वैभवी, ती तू नाही ठेवलीस.”

“मला वाटलं मीच.”

“ओलीने पेटी बिघडते, हे कळणारा माणूस होता तो. ठेवल्यावर दोन सूर वाजवून ती ठीक असल्याची खात्रीही केली त्याने. मावशींचा वार चुकला नव्हता. बुधवारी दुपारी त्यांनी जे ऐकलं ते हेच. ज्याला वैभवीचं वाईट करायचंय तो तिची पेटी कशाला जपेल? हे काम तिच्या शत्रूचं नाही. तिच्यावर जीव असलेल्या माणसाचं आहे.”

सुप्रभामावशी ताठ झाल्या. सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे वळले होते.

“मावशींचा जीव आहे आणि किल्लीही आहे,” आश्लेषा म्हणाली. “पण त्यांचा हात वर जात नाही. तो सीलिंगवर वर्तुळं काय काढणार? शिवाय डाग कशाचा आहे ते बघा.” तिने टिश्यू उघडली. “हे वेलचीचं साल. डाग चहाचा आहे, कडक उकळलेल्या कोऱ्या चहाचा. मावशींकडे टी-बॅग. वैभवी, तू?”

“मी कॉफी पिते. चहापूड घरात नाही. बाबा येताना घेऊन...” आणि ती थांबली.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. शिडीवर आठवलेलं ते श्रीखंड! वास होताच. त्यांनी तो नाकाने घेतला आणि मनात भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवला.

“सालं डब्यात टाकायची पद्धत ईलिंगच्या घरात आहे,” आश्लेषाचा आवाज आता खाली आला होता. “प्रणवना विक्रीची घाई आहे, आणि त्यांना साखरसुद्धा सापडत नाही. पडकी भिंत हुबेहूब उभी करणारा हात त्या घरात एकच. किल्ली दाराशी लटकते आणि प्रणव आठवडाभर घरी नसतात. कमलाकरकाका, मंगळवारी तुम्ही नेहमीसारखे चहा पिऊन गेलात. बुधवारी पुन्हा आलात.”

“हो,” कमलाकर म्हणाले.

“बाबा, काहीतरी काय,” असं म्हणत प्रणव खिडकीकडे गेला.

“पण का?” डॉक्टरांना राहवेना. “किंमत पाडून ह्यांना काय मिळणार होतं?”

“किमतीशी त्यांना घेणंदेणंच नव्हतं. त्यांना वेळ हवा होता. पहिली सही शिळी झाली तेव्हा वैभवीचं जाणं लांबलं. तेव्हा त्यांना कळलं, की सर्व्हेअरची सही अडली की वैभवी अडते. म्हणून ह्या वेळी ती होऊच नये असं बघितलं.”

कमलाकरांनी मान हलवली. मग ते आश्लेषाशी नाही, वैभवीशी बोलले.

“सर्व्हेअर परत जाईल, वरच्या मुलाचा नळ तपासतील, मग पुन्हा तारीख मिळेल. थंडी तेवढी निघून जाईल, एवढाच माझा हिशेब. तुझ्यावर आळ येईल हे डोक्यातच आलं नाही गं. परवा फोनवर तू सांगितलंस, तेव्हापासून घास उतरत नाहीये.”

“मला विचारायचं होतंत बाबा. थांब म्हणायचं होतंत.”

“कुठल्या तोंडाने? मुलानेच सोडलेल्या सुनेला थांब म्हणायचा हक्क कुठल्या सासऱ्याला असतो?” त्यांनी टोपी घट्ट धरली. “तू गेलीस की मंगळवारी मी कुठे जाऊ?”

सुप्रभामावशींनी पदर डोळ्यांना लावला. प्रणव खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

वैभवी उठली. तिने कमलाकरांच्या हातातली टोपी काढून बाजूला ठेवली आणि त्यांचे हात धरले. डॉक्टरांना वाटलं, आता ही विरघळणार, राहते म्हणणार. त्यांना स्वतःलाच ते हवं होतं.

“मी जाणार आहे, बाबा,” ती म्हणाली. ती रडत होती, पण शब्द स्वच्छ होते. “तुमचा राग नाही आला. पण इथे मी रोज संध्याकाळी घरी येते तेव्हा मलाही कुणी नसतं. फक्त मंगळवार असतो. मंगळवारवर माणूस जगत नाही.”

“नाही जगत,” कमलाकर म्हणाले. “ठाऊक आहे मला.”

उद्या सर्व्हेअरपुढे उभं राहून आपण सगळं सांगू, सीलिंगही आपणच रंगवून देऊ, असं त्यांनी कबूल केलं. वैभवीचं नाव स्वच्छ होणार होतं. आश्लेषाची केस सुटली होती.

प्रणवला कुठेतरी जायचं होतं. बाबांना सोडतो असं तो दोनदा म्हणाला, पण गाडी उलट्या दिशेला जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. शेवटी डॉक्टरांनीच कमलाकरांना आपल्या गाडीत घेतलं. बाहेर लवकर अंधारलं होतं. ईलिंग येईपर्यंत डॉक्टर शब्द जुळवत राहिले, आणि सिग्नलला थांबल्यावर एकदाचे म्हणाले, की मंगळवारी माझ्याकडे येत जा, मला काही काम नसतं.

“तुम्ही सज्जन आहात,” कमलाकर म्हणाले. “पण डॉक्टर, दया करून बोलावलेलं माणसाला कळतं हो.”

दया नव्हती ती, पण मग काय होतं हे डॉक्टरांना पटकन सांगता आलं नाही.

घर काळोखात उभं होतं. कमलाकर उतरले, आभार मानले, दाराशी जाऊन किल्ली चाचपू लागले. रीत म्हणजे गाडी वळवून निघायचं. आश्लेषा असती तर म्हणाली असती, काका, हुशार आहात, पण उशिरा कळतं. डॉक्टरांनी इंजिन बंद केलं, उतरले आणि फुटपाथवरूनच बोलले.

“कमलाकरराव, मला घरी जायचं नाहीये. रोजच जायचं नसतं. बायको गेल्यापासून रोज कुणाच्यातरी ऑफिसात बसून वेळ काढतो मी. थोडा वेळ आत येऊ का?”

कमलाकर वळले. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात त्यांनी डॉक्टरांचा चेहरा नीट न्याहाळला, दया आहे का ते बघत असल्यासारखा. मग त्यांनी दार उघडलं आणि आधी डॉक्टरांना आत जायला वाट करून दिली.